तोंडी ऑर्डर

500 मिलीची सलाईनची बाटली 4 तासांत संपवायची असेल आणि सेटमधून 20 थेंबांना एक मिली पडत असेल, तर मिनिटाला साधारण 42 थेंब. हे मला रात्री तीन वाजता गाढ झोपेतून उठवून विचारा. (नाइट ड्यूटीला गाढ झोप कुठली, ते सोडा.) पण "पगार किती वाढवून हवा?" याचं उत्तर साहेबांच्या केबिनबाहेर पाऊण तास उभी राहूनही मला काढता येईना. चाळा म्हणून स्वतःचीच नाडी मोजली. 112. पेशंटची असती तर डॉक्टरांना फोन लावला असता.

पेशंटसाठी मी कुणाशीही भांडते. डोसमध्ये दशांशचिन्ह चुकलेलं दिसलं, की भल्याभल्या डॉक्टरांना "सर, एकदा परत बघता का?" म्हणून थांबवते. स्वतःसाठी मात्र तोंडाला कुलूप. दोष 'सिस्टर' या हाकेचाही असावा. बहिणीनं केलं ते मायेनं केलं, त्याचे कसले पैसे! त्यात भिंतीवर फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचा फोटो. 1853 साली लंडनमध्ये त्यांनी एका रुग्णालयाचा कारभार हाती घेतला, तो बिनपगारी. हे आम्हाला सेवाभावाचा धडा म्हणून ऐकवतात. वडील त्यांना वर्षाला 500 पौंड देत होते, हे कुणी ऐकवत नाही. माझे वडील मलाच विचारतात, "पगार झाला का गं?"

"बोला सिस्टर," साहेब म्हणाले.

घोकलेलं भाषण पार उडालं. "सर, दोघींचं काम एकटी करते. तीन वर्षं वाढ नाही," एवढंच एका श्वासात बाहेर पडलं.

"अहो, तुमचं काम म्हणजे सेवा. ती का मोजता येते?"

"येते की सर. आम्ही लघवीसुद्धा मिलीत मोजतो."

साहेबांनी हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "बरं बरं. बघू, करू काहीतरी पुढच्या महिन्यात."

आता, डॉक्टरांनी फोनवरून औषध सांगितलं, की आम्ही ते आधी लिहून घेतो, मग त्यांना वाचून दाखवतो, आणि मागाहून सही घेतो. लिहिलं नाही ते झालंच नाही, हे पहिल्या वर्षापासून डोक्यात बसलेलं. हात आपसूक खिशातल्या पेनाकडे गेला. वेळ टाकली, 10.40. मोठ्यानं वाचलं, "'करू काहीतरी, पुढच्या महिन्यात.' बरोबर ना सर? पण 'काहीतरी' चालत नाही. डोस लिहावा लागतो."

"दहा टक्के लिहा," साहेब घाईघाईनं म्हणाले.

"इथे सही."

"नंतर करतो."

हेही ओळखीचंच. "24 तासांत लागते, सर," मी म्हटलं.

आज अकरावा दिवस. रोज ड्यूटी संपली की कागद घेऊन केबिनमध्ये डोकावते. मला पाहिलं, की साहेब हात टेबलाखाली घेतात. सुई दिसली की हात लपवणारे पेशंट मला नवीन नाहीत.