चोंगे खाल्ले, करबला कधी विचारलं नाही

दोन वर्षांपूर्वी मोहरमच्या दहाव्या दिवशी मी शाळेतल्या एका सरांना 'मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा' असा मेसेज पाठवला. फुलं, चंद्रकोर, सगळं होतं त्यात. दुसऱ्या दिवशी डबा खाताना ते हळूच म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. पण कालचा दिवस शुभेच्छांचा नसतो हो. इमाम हुसेन त्या दिवशी शहीद झाले."

माझं माहेर कडेगाव भागातलं. वडिलांच्या खांद्यावर बसून मी ताबूतांच्या, म्हणजे इमामांच्या कबरीच्या उंच प्रतिकृतींच्या, भेटी बघितल्यात. पीर बसले की आमच्या गल्लीतली हिंदू पोरं मोहरमपुरती फकीर व्हायची, आई चोंगे करायची. गव्हाच्या पिठाचे, गूळ घातलेले, वर नक्षीचे ठसे. त्या वासानं मला आजही मोहरम आठवतो. पण इसवी सन ६८० मध्ये इराकमधल्या करबलाच्या मैदानात पैगंबरांच्या नातवानं, म्हणजे याच इमाम हुसेननी, खलिफा यजीदची सत्ता मान्य करायला नकार दिला, त्याचं आणि त्याच्या लेकराबाळांचं युफ्रेटिस नदीचं पाणी तोडलं गेलं आणि तहानेनं व्याकूळ झालेल्या त्या मूठभर माणसांना मारलं गेलं, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. मोहरमला रस्त्यात सरबत का वाटतात, हेही तेव्हाच कळलं. मी ते सरबत लहानपणी तीन-तीन ग्लास प्यायलेय.

सरांनी आणखी एक सांगितलं. त्यांच्या घरी त्या दिवशी रोजा असतो आणि ताबूत त्यांना फारसे मान्य नाहीत. "आमच्यातही सगळे एकसारखं मानत नाहीत, मॅडम."

आपल्या सांगली जिल्ह्यात जिव्हाळा कमी नाही. गोटखिंडीत मशिदीत गणपती बसतो. मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांची आठवण दर्ग्यात गाऊन जागवतात. हे आपण पाहुण्यांना अभिमानानं सांगतो आणि सांगावंच. पण शेजारचा नेमकं काय मानतो, असं कुणी विचारलं तर आपलं ज्ञान शीरखुर्मा, केक आणि निळ्या झेंड्यापाशी संपतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसांनी धम्म स्वीकारला, हे आपल्याला पाठ असतं. त्या वेळी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी दोन तरी सांगा म्हटलं तर? 'गुड फ्रायडे' येशूला क्रुसावर चढवल्याचा दिवस, आणि आपण त्याच्याही आधी 'हॅपी' लावून पाठवतो.

पूर्वी यानं फार बिघडत नसेल. आता बिघडतं, असं माझं ठाम मत आहे. आपण जे विचारलं नाही, ते आपल्याला फॉरवर्ड सांगतात. रिकामी जागा रिकामी राहत नाही. आणि ती भरणारा माणूस आपल्या शेजाऱ्याला ओळखत नसतो.

आमच्या शेजारी दिगंबर जैन कुटुंब आहे, बावीस वर्षांपासून. काकू दरवर्षी आमच्या गणपतीच्या आरतीला येतात, हात जोडतात, टाळ्या वाजवतात. मोदक पुढे केला की म्हणतात, "नको गं, राहू दे." आमच्या घरात कितीतरी वर्षं हळू आवाजात बोललं जायचं, की ह्यांना आपल्या देवाचा प्रसाद चालत नाही. मलाही ते खरं वाटायचं, आणि वाईट वाटायचं.

सरांचं ते बोलणं मनात होतं म्हणून गेल्या वर्षी मी सरळ विचारलं. काकू चकितच झाल्या. "अगं, तुमची आरती दिवे लागल्यावर. सूर्य मावळल्यावर आम्ही खात नाही. आणि हे दहा दिवस माझं एकाशन असतं, दिवसातून एकदाच जेवते." त्यांचं दशलक्षण पर्व भाद्रपद शुद्ध पंचमीला सुरू होऊन चतुर्दशीला संपतं. म्हणजे आमचा गणपती बसला की दुसऱ्याच दिवशी भिंतीपलीकडे त्यांचं पर्व सुरू! पहिला दिवस उत्तम क्षमेचा, मग मार्दव, आर्जव, शौच, सत्य, असे दहा धर्म. बावीस वर्षं आम्ही एकाच वेळी, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना हे करत होतो. आणि मी मनात धरून बसले होते ती प्रसादाची गोष्ट.

धार्मिक ज्ञानाबद्दल २०१० मध्ये अमेरिकेत एक मोठी पाहणी झाली होती. ३२ प्रश्नांपैकी लोकांची सरासरी बरोबर उत्तरं १६. पण मला लागलं ते वेगळंच. प्रसादाच्या पाव आणि वाइनबद्दल आपल्याच चर्चची शिकवण काय आहे, हे ४५ टक्के कॅथलिकांना सांगता आलं नाही. दर रविवारी समोर असणारी गोष्ट!

विसर्जनाच्या दिवशी सकाळी काकू अंगणात भेटल्या. त्यांच्या पर्वाचा शेवटचा दिवस. त्यांनी विचारलं, "तू त्या दिवशी विचारलंस, आता मी विचारते. तुमच्यात आजच्या दिवसाला अनंत चतुर्दशी म्हणतात, तो अनंत म्हणजे कोण? गणपतीच का?"

मला सांगता येईना. "थांबा" म्हणून आत गेले. सासूबाई दूर्वा निवडत बसल्या होत्या. अनंत म्हणजे विष्णू, त्या म्हणाल्या, हे व्रत मुळात त्याचं. चौदा गाठींचा दोरा असतो. त्यांच्या माहेरी बांधायचे, इथे आल्यावर राहून गेलं. मी कधी विचारलंच नव्हतं.

मी त्यांनाच हात धरून बाहेर आणलं. दोघी पायरीवर बसल्या, आणि सासूबाई काकूंना त्या चौदा गाठी बोटांवर मोजून दाखवायला लागल्या.