‘संडासात कडबा भरतात’ म्हणून हसणाऱ्यांना

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. तुमच्याकडेही आला असेल. त्याचा मतलब असा: सरकारनं घरोघरी संडास दिले, वर बारा हजार रुपये फुकट दिले. तरी मराठवाड्यातली मंडळी त्यात कडबा भरतात आणि टमरेल घेऊन रस्त्यावर बसतात. पाण्याचं निव्वळ निमित्त, सवय जात नाही हे खरं. शहरात बघा, प्रश्न केव्हाच संपला. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. हसणारे बहुतेक पुण्यात स्थायिक झालेले आमचेच लोक.

कडबा भरलेला संडास मीही पाहिलाय. तो बीड जिल्ह्यात माझ्या आत्याच्या परसात आहे. म्हणून ते खोटं म्हणणार नाही. बाकीचं एकेक घेऊ.

‘घरोघरी दिले.’ राज्याचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा एप्रिल २०१८ मध्ये झाली. पण हा हिशोब धरला होता २०१२ च्या पायाभूत सर्वेक्षणाच्या यादीवर. त्यानंतर भावाभावांच्या वाटण्या झाल्या, नवी घरं उभी राहिली, ती त्या यादीत कुठून असणार? अशा सुटलेल्या कुटुंबांसाठी पुढे वेगळ्या याद्या कराव्या लागल्या. २०१८ च्या दुसऱ्या सहामाहीत राष्ट्रीय नमुना पाहणी झाली, तेव्हा देशातल्या ग्रामीण कुटुंबांपैकी ७१.३ टक्क्यांनाच शौचालयाची सोय होती. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीतही २६ टक्के ग्रामीण कुटुंबं उघड्यावर जाणारीच निघाली.

‘बारा हजार फुकट.’ ते बक्षीस आहे, आगाऊ रक्कम नव्हे. रीत अशी की आधी बांधा, मग फोटो, मग पैसे. तोवर विटा, सिमेंट, पत्रा, गवंडी सगळं उसनवारीवर. आत्यानं गळ्यातलं डोरलं ठेवून बांधला. पैसे आले, पण सात महिन्यांनी.

आता पाण्याचं ‘निमित्त’. टंचाईत टँकरचं पाणी माणशी २० लिटर धरतात. पाच माणसांच्या घराला दिवसाला १०० लिटर. त्यात पिणं, स्वयंपाक, भांडी, अंघोळ. संडासाच्या साध्या भांड्यात एका वेळी अर्धी-पाऊण बादली ओतावी लागते, वर घासायला वेगळं. पाच माणसांचे ४०-५० लिटर तिथंच गेले. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, ते पाहिलेल्या माणसानं तरी ‘निमित्त’ म्हणू नये. आत्या मला म्हणाली, “पेयाला घागर मिळंना, अन् ह्याच्यात काय वतू?”

खरं तर जास्त उताराचं ग्रामीण भांडं मिळतं, त्याला दीड-दोन लिटर पुरतं. पण गवंड्यानं तालुक्याच्या दुकानातून जे स्वस्त आणि चकचकीत दिसलं ते आणलं. आत्याला दुसरं काही असतं हेच कुणी सांगितलं नव्हतं. मला इथं खरा राग येतो. भिंतीवर घोषणा रंगवायला माणूस आला होता, भांडं निवडून द्यायला कुणी आलं नाही.

खड्ड्याचीही तीच कथा. नियमानं दोन शोषखड्डे हवेत: एक भरला की मैला दुसऱ्यात वळवायचा, पहिला दीड-दोन वर्षं झाकून ठेवायचा, मग निघतं ते वास नसलेलं खत. आत्याकडं तीन फुटांवर खडक लागला. गवंडी म्हणाला, एकच पुरे. तो भरला. आता उपसायचा कुणी?

मेसेज ज्याला ‘सवय’ म्हणतो, त्यातलं निम्मं या प्रश्नात आहे. मैला उपसणं हे ठरावीक जातींच्या माथी मारलेलं काम, बाकीच्यांना कल्पनाही सोसत नाही. तयार खताला हात लावता येतो, एवढं पटवायला २०१७ मध्ये केंद्राचे स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर स्वतः तेलंगणातल्या गंगादेवीपल्लीत खड्ड्यात उतरले होते. ही उपसण्याची वेळच नको म्हणून ज्याच्याकडं पैसा आहे तो खोल टाकी बांधतो आणि आयुष्यभर भरणार नाही या भरवशावर राहतो. ती भरतेच. मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यात सोनपेठ तालुक्यातल्या भाऊचा तांडा इथं शेतातली अशी टाकी साफ करताना पाच मजूर गेले. ज्याच्याकडं पैसा नाही, तो खड्डा भरू नये म्हणून संडास वापरतच नाही. मग जागा रिकामी कशाला, कडबा भरतो.

सवयीचाही वाटा आहे, मान्य. आमच्या गावातले काही म्हातारे नवा कोरा संडास सोडून ओढ्याकडं जातात आणि तिथंच त्यांची बैठक जमते. पण पहाटे अंधारात जाणारी बाई हौसेनं जात नाही.

‘शहरात प्रश्न संपला.’ संडास आहेत, हे खरं. चेन ओढल्यावर पुढं काय होतं, ते छत्रपती संभाजीनगरात खाम नदीच्या काठी उभं राहून वर्षानुवर्षं कळत आलंय. नाक असलं की पुरे.

आणि एक गोष्ट मेसेजवाल्याच्या ध्यानातही नाही. आत्याचा धाकटा मुलगा वाटणीनंतर वेगळा झाला, म्हणून २०१२ च्या यादीत त्याचं घर नव्हतं. नंतरच्या यादीत आलं. त्याचा संडास नीट आहे, दोन खड्ड्यांचा. पण दिवाळी झाली की नवराबायको मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन टोळीबरोबर ऊसतोडीला जातात. उसाच्या फडाशेजारी पाचटाची कोपी म्हणजे झोपडी, पाण्याला लांबचा हातपंप, आडोशाला ऊस, तोही रोज तोडला जाणारा. सून तीनला उठते, कारण चारला कोयता हातात लागतो आणि उजाडल्यावर जायला जागा उरत नाही. गावात त्यांच्या संडासाला तेव्हा बाहेरून कुलूप असतं. मार्च-एप्रिलपर्यंत.