बारापैकी दोन

आज, २० डिसेंबर २०२४ ला, सकाळी साडेनऊच्या आत आमच्या रविवारच्या बास्केटबॉल ग्रुपवर एका माणसाचा पंचनामा, दहावा, तेरावा सगळं उरकून झालं होतं. माणूस कोण, तर अमेरिकेतल्या एनबीए लीगमधला जर्मन खेळाडू डेनिस श्रोडर. आणि उरकणारे कोण, तर एका फास्ट ब्रेकनंतर "जरा पाणी पिऊन येतो" म्हणून जे वीस मिनिटं गायब होतात ते आपलेच पंचेचाळिशीतले मित्र.

मॅच न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात. गोल्डन स्टेट या एनबीए टीमच्या मेल्टनचा गुडघा गेला, सीझन संपला. मग त्याला देऊन ब्रुकलिनहून श्रोडरला आणलं. टीमचा स्टार करी, त्याच्या जोडीला म्हणा, करी बसल्यावर टीम चालवायला म्हणा. आज मेम्फिसमध्ये त्याची पहिली मॅच होती. बारा शॉट मारले, दोन गेले. पाच पॉइंट. टीम १४४-९३ अशी हरली, म्हणजे ५१ पॉइंटनी.

ग्रुपवर पश्याचा पहिलाच मेसेज: "हा कचरा कुठून उचलला?" त्याच्याखाली नऊ अंगठे.

अरे, त्याच मॅचमध्ये करी सातपैकी शून्य! टीममधला जुना ड्रेमंड चारपैकी शून्य! दोघांना मिळून एक बास्केट करता आलं नाही. त्यांच्याबद्दल काय लिहिलंय? "आज त्यांचा दिवस नव्हता." वा रे वा. घरच्यांचा दिवस नसतो आणि नव्या माणसाची लायकी नसते.

मला हे इतकं का झोंबलं ते सांगतो. १९९६ साली मी सांगलीहून पुण्यात शिकायला आलो आणि डेक्कनच्या बाजूच्या एका क्लबात (नाव घेत नाही, त्यातले बरेच जण इथे फ्रेंडलिस्टमध्ये आहेत) दुसरा पॉइंट गार्ड (बॉल आणून खेळ चालवणारा) म्हणून लागलो. पहिला गार्ड ताप येऊन पडला आणि तिसऱ्याच दिवशी मला मॅचला उतरवलं. सांगलीत आम्ही मूठ वर केली की पोस्टचा, म्हणजे बास्केटजवळचा, पोरगा वर येऊन पिक लावायचा, म्हणजे माझ्यावरच्या डिफेंडरची वाट अडवायचा. मी वर आलो, मूठ दाखवली, डावीकडे पास टाकला. तिथे कोणीच नाही. बॉल कोर्टाबाहेर उभ्या केलेल्या एका लुनाखाली जाऊन अडकला. काढायला मीच गेलो. परत आलो, मूठ, पास, लुना. तिसऱ्यांदा मालकच लुना हलवायला आला, तेव्हा जो हशा पिकला तो मला अजून ऐकू येतो.

सरांनी बसवलं. "सांगलीचा माल हा असाच," असं बेंचवरच कोणीतरी म्हणालं. हळू आवाजात नाही, मला ऐकू जाईल असं.

आता या श्रोडरचं बघा. आयुष्यभर हातात बॉल ठेवून, पिक घेऊन आत घुसणारा माणूस. आणि आला कुठे, तर कोच स्टीव्ह करच्या टीममध्ये, जिथे बॉल हातात ठेवायचाच नाही, दिला की पळायचं, आणि कोण कधी कट मारणार (बास्केटकडे धावणार) हे एकमेकांच्या डोळ्यांवरून ओळखायचं. करी आणि ड्रेमंडला हे जमायला दहा वर्षं मिळाली. याला मिळाले चार-पाच दिवस. त्याचा जर्सीचा नेहमीचा १७ नंबरसुद्धा तिथे मिळाला नाही, तिथल्या जुन्या स्टार ख्रिस मलिनच्या नावाने तो रिटायर झालाय. मग उलटा करून ७१ घातला बिचाऱ्याने.

आणि कचरा? २०२३ च्या वर्ल्ड कपमध्ये जर्मनीने सेमीफायनलला अमेरिकेला ११३-१११ असं हरवलं तेव्हा कॅप्टन कोण होता? मनिलातल्या फायनलला सर्बियाविरुद्ध २८ पॉइंट कोणी मारले? स्पर्धेचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, कोण? पश्या, तू त्या दिवशी त्याचा फोटो स्टेटसला ठेवला होतास. स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे.

बरं, मान्य, बारापैकी दोन म्हणजे बारापैकी दोनच. आणि एकतीस वर्षांचा माणूस इतक्या टीम फिरतो त्यालाही काही कारणं असतीलच. झालं, मानलं.

पण याच गोल्डन स्टेटने २०११ च्या डिसेंबरमध्ये एक बॅकअप गार्ड सोडून दिला होता. ह्यूस्टनने उचलला आणि त्यांनीही नाताळच्या आदल्या दिवशी सोडला. न्यूयॉर्कने घेतला, तिथेही बेंचच. राहायला धड घर नाही, भावाच्या सोफ्यावर झोपायचा. फेब्रुवारीत दुसरं कोणी उरलं नाही म्हणून उतरवला, तर नेट्सविरुद्ध २५ पॉइंट, आणि सहा दिवसांनी लेकर्सविरुद्ध ३८. जेरेमी लिन. तेव्हा तुम्ही सगळे पहाटे उठून मला फोन करत होतात, आठवतंय? (नंतर तो तसा टिकला नाही, हेही माहितेय. कमेंटमध्ये सांगायला येऊ नका.)

लिहिता लिहिता राग जरा उतरला. परत त्या लुनाकडेच येतो.

त्या मॅचनंतरच्या रविवारी आमच्या सेंटरने, आम्ही त्याला दादा म्हणायचो, मला सकाळी सातला कोर्टवर बोलावलं. खिशातून खडू काढला, सिमेंटवर उकिडवा बसला आणि विचारलं, "तुमच्याकडे मूठ म्हणजे काय रे?" मी सांगितलं. तो हसायलाच लागला. इथे मूठ म्हणजे पोस्ट रिकामी करा आणि उजवीकडच्याने मागून कट मारायचा. मी डावीकडे पास टाकत होतो, माणूस उजवीकडून येत होता. एवढंच. ते तीन दिवस हे मला कोणी विचारलं नव्हतं. सरांनी नाही, पहिल्या गार्डनेही नाही. मीही विचारलं नाही, कारण मला वाटलं मूठ सगळीकडे मूठच असते.

यानंतर मी स्टार झालो असं काही नाही. दोन सीझन बेंचवरच काढले. पण पास लुनाखाली गेला नाही परत.

आणि एक कबुली. आज तिसरा क्वार्टर चालू असताना "हा पण गेला कामातून" असं मीही टाइप केलं होतं. पाठवणार तेवढ्यात बायकोने दूध ऊतू जातंय म्हणून हाक मारली. परत येईपर्यंत पश्याचा मेसेज पडला होता.

नाताळला लेकर्सशी मॅच आहे, म्हणजे आपल्याकडे २६ ला सकाळी साडेसहा. माझ्याकडे लावतोय. पश्या, तू पण ये. चहा, खारी माझ्याकडून. फक्त पहिला क्वार्टर संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही.