बोरी नदीवरचा पूल रणगाड्यांनी घेतला नव्हता

सोलापुरात घरोघरच्या मोबाइलवर फिरणाऱ्या एका संदेशाचा सारांश असा: लढाया रणगाडे, विमानं आणि आता ड्रोन जिंकतात, पायदळाची पलटण म्हणजे नुसती गर्दी, तिच्या कंपन्या, म्हणजे पलटणीतल्या तुकड्या, कागदावरच्या. आणि पुरावा? १९४८ साली सोलापुरातून रणगाडे निघाले आणि निजाम शरण आला. भरतीसाठी पहाटे पळणारी आपली पोरं हे वाचतात, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

आधी तो पुरावाच बघू. १३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या फौजा सोलापूरच्या बाजूने हैदराबाद संस्थानात शिरल्या. रणगाडे होतेच, ते कुणी नाकारत नाही. पण वाटेत नळदुर्गला बोरी नदी आडवी येते. सप्टेंबर महिना, आणि रस्त्यावर तो एक पूल. निजामाच्या सैन्याने तो उडवला असता तर रणगाड्यांची रांग अलीकडच्या काठावरच खोळंबली असती. चौधरींच्या सातव्या ब्रिगेडने, म्हणजे काही पलटणींच्या गटाने, झडप घालून तो शाबूत ताब्यात घेतला, आणि नळदुर्गच्या मोर्चांवर चाल केली ती २ शीख या पायदळाच्या पलटणीने. समोर लढत होती तीही पायदळाचीच पलटण, निजामाची १ हैदराबाद इन्फन्ट्री. पूल आणि रस्ता हाती आला, तेव्हा कुठे चिलखती तुकडी सकाळी नऊला जळकोटात आणि दुपारी सव्वातीनच्या सुमारास उमरग्यात पोचली. आज आपण एसटीने हेच अंतर कापतो. रणगाड्यांचा वेग खरा, पण वाट मोकळी केली ती पायदळाने.

आता 'नुसती गर्दी'. पलटणीत साधारण आठशे माणसं असतात आणि प्रत्येकाला नेमून दिलेलं काम असतं. अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा या चार रायफल कंपन्या. सपोर्ट कंपनीकडे ८१ मिलिमीटरचे मोर्टार, म्हणजे उखळी तोफा, आणि रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रं. मुख्यालय कंपनीकडे संदेशवहन आणि रसद. कंपनीत तीन प्लाटून, प्लाटूनमध्ये तीन सेक्शन, सेक्शनमध्ये दहाएक जवान. एक कंपनी चढाई करते तेव्हा मोर्टार शत्रूला खंदकात डोकं खाली घालायला लावतात, आणि मागे राखीव कंपनी तयार उभी असते.

कंपन्या कागदावरच्या म्हणणाऱ्यांनी चीनच्या युद्धातली लडाखची रेझांग ला ही खिंड आठवावी. १८ नोव्हेंबर १९६२ला १३ कुमाऊंची चार्ली कंपनी, मेजर शैतानसिंग आणि सुमारे १२० जवान, तिथे एकटी लढली. मध्ये डोंगर आडवा असल्याने आपल्या तोफांची मदतही मिळत नव्हती. शंभराहून अधिक जण धारातीर्थी पडले. त्यांना 'कागदावरचे' म्हणणं मला सहन होत नाही.

१९७१ची राजस्थान सीमेवरच्या लोंगेवाला ठाण्याची लढाई संदेशवाले विमानांच्या खात्यात टाकतात. पाकिस्तानी रणगाडे विमानांनी फोडले, हे अगदी खरं. पण त्या हंटर विमानांना रात्री लढता येत नव्हतं. ४ डिसेंबरच्या रात्रीपासून उजाडेपर्यंत ते ठाणं धरून ठेवलं २३ पंजाबच्या अल्फा कंपनीने. रात्रीच ठाणं गेलं असतं तर सकाळी विमानांनी वाचवायचं काय?

मराठा पलटणींबद्दल तर आपल्याकडे तरी असं बोलू नये. १७६८ साली उभी राहिलेली जंगी पलटण, आजची १ मराठा लाइट इन्फन्ट्री. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनियो नदीवर तिचा शिपाई नामदेव जाधव कंपनीचा निरोप्या होता. कंपनी कमांडर जखमी झाले, सोबतचे बहुतेक मारले गेले. नामदेवने दोन जखमींना, एकेका खेपेला एकेकाला, खोल पाण्यातून आणि सुरुंगांतून मागे नेलं. मग परत फिरून मशीनगनचे तीन मोर्चे गप्प केले आणि बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना करत उरलेल्या कंपन्यांना पुढे बोलावलं. या शौर्यासाठी त्याला व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. याच पलटणीने डिसेंबर १९७१मध्ये आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या मागचा रस्ता रोखला आणि रात्री निसटू पाहणाऱ्या पाकिस्तानी सैन्याला परतवून लावलं.

राहिला ड्रोनचा मुद्दा. ड्रोन शत्रूला हेरतो, मारतोही. पण ठाण्यात बसून ते राखत नाही. कारगिलला तोफा आणि विमानं दोन्ही होती, तरी तोलोलिंगचं शिखर जून १९९९मध्ये २ राजपुताना रायफल्सच्या जवानांनाच चढून घ्यावं लागलं. आणि २०२५मध्ये लष्करानेच पायदळाच्या पलटणींत ड्रोन प्लाटून देण्याचं जाहीर केलं. म्हणजे भरतीच्या मैदानावर घाम गाळणाऱ्या आपल्या पोरांपैकी काहींच्या हाती उद्या रायफलीसोबत ड्रोनही असणार आहे.