दाढीच्या साबणावर लिंबू पिळायला सांगणाऱ्या त्या मेसेजबद्दल

"ब्रशने दाढी करणाऱ्यांनो सावधान" हा मेसेज सध्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. मी सोडून दिलं असतं, पण आमच्या काकांनी तो खरा मानला. सत्तरी ओलांडलेला माणूस, जन्मभर ब्रश आणि साबणाच्या गोल वडीवर दाढी केलेली, आणि आता मेसेज वाचून वडीवर लिंबू पिळलं नि दोन्ही गालांवर लाल चट्टे उठवून घेतले. त्यामुळे आता गप्प बसवत नाही.

मेसेजमध्ये आहे ते थोडक्यात असं: लिंबू आणि खायचा सोडा घातला की फेस दुप्पट होतो, ब्रशमुळे अँथ्रॅक्स (जनावरांकडून माणसाला होणारा जिवाणूंचा गंभीर आजार) होतो म्हणून रोज दहा मिनिटं उकळा नाहीतर फेकून द्या, फेस येत नसेल तर साबण डुप्लिकेट, फेस जितका उंच तितकी दाढी मऊ, आणि अंगाचा नि दाढीचा साबण एकच असतो.

आधी लिंबू, कारण इजा त्यानेच झालीये. अर्धं लिंबू पिळायचं, वर चिमूटभर सोडा. मी बारावीला केमिस्ट्री शिकवतो, हे वाचून डोकंच सणकलं. अहो, साबण म्हणजे स्टिअरिक ॲसिडसारख्या फॅटी ॲसिडचा क्षार, आणि तो क्षार आहे तोवरच पाण्यात विरघळतो नि फेस करतो. त्यात लिंबाचं सायट्रिक ॲसिड पडलं की क्षार मोडतो, फॅटी ॲसिड सुटं होतं आणि ते पाण्यात विरघळत नाही. पटत नसेल तर वाटीत चांगला फेस करा, त्यात चमचाभर लिंबाचा रस घालून ढवळा. फेस बसतो, कडेला पांढऱ्या कण्या लागतात, बोटांत चोळल्या तर मेणचट लागतात. म्हणजे तुम्ही पैसे देऊन आणलेला साबण स्वतःच्या हाताने नासवला. मग सोडा टाकल्यावर जे फसफसतं ते काय? तो कार्बन डायऑक्साइड, सोड्यावर आम्ल पडलं की निघणारा गॅस, त्याचा दाढीच्या फेसाशी काडीचा संबंध नाही, वस्तरा लागायच्या आत तो उडून गेलेला असतो. चिमूटभर सोड्याने अर्ध्या लिंबाचं आम्ल पूर्ण मरतही नाही, उरलेलं जातं गालावर, जिथे पातं बारीक ओरखडे काढतं. आणि त्यानंतर उन्हात गेलात तर आणखी वाईट. लिंबाच्या रसात फ्युरोकूमरिन नावाची द्रव्यं असतात, ती त्वचेवर असताना ऊन लागलं तर त्वचा भाजल्यासारखी होते आणि काळे डाग कितीतरी आठवडे राहू शकतात. काका दाढी करून सरळ गच्चीत कुंड्यांना पाणी घालायला गेले होते. मेसेजमध्ये याबद्दल एक अक्षर नाही.

आता अँथ्रॅक्स. यात अर्धं सत्य आहे, तेवढं नाइलाजाने मान्य करतो. अमेरिकेच्या सीडीसीच्या (तिथली रोगनियंत्रणाची सरकारी संस्था) 'इमर्जिंग इन्फेक्शियस डिसीजेस' या जर्नलमध्ये २०१७ साली नेमका या विषयावर लेख आलाय. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिका आणि ब्रिटनमध्ये दाढीच्या ब्रशमुळे अँथ्रॅक्सच्या २०० हून जास्त केसेस झाल्या, सैनिकांना झाला तसा साध्या नागरिकांनाही झाला. कारण होतं आशियातून आलेले, निर्जंतुक न केलेले घोड्याचे केस. पुढे आयातीवर बंधनं आली, केसांवर प्रक्रिया सक्तीची झाली आणि हा धोका जवळपास संपला. लेखात धोका सांगितलाय तो शंभर वर्षं जुन्या, प्रक्रिया न केलेल्या केसांच्या ब्रशबद्दल, आणि तोही क्वचित. मेसेजवाल्याने २०० चे "हजारो मेले" केले आणि आजच्या दुकानातल्या ब्रशला लावून मोकळा झाला. आपल्याकडचे बहुतेक स्वस्त ब्रश तर नायलॉनचे असतात, त्यात प्राण्याचा केसच नाही, अँथ्रॅक्स येणार कुठून? आणि ब्रश उकळू नका, मुळाशी केस डिंकाने बसवलेले असतात, तो सुटला की केस गळायला लागतात. वापरून झाला की नीट धुवा, झटका, हवेशीर जागी वाळू द्या, बाथरूममधल्या बंद डब्यात ओला कोंबू नका, बास. हां, सलूनमध्ये एकच ब्रश दहा जणांच्या तोंडावरून फिरत असेल तर मात्र नाही म्हणा, दाढीतला गजकर्ण आणि पुटकुळ्या तशा पसरू शकतात. त्याहून महत्त्वाचं, पातं नवीन लावायला लावा, कारण रक्तातून पसरणारे आजार पात्यावरून येतात.

फेस येत नाही म्हणून साबण डुप्लिकेट? आधी पाणी बघा. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असतं, ते साबणाला धरतं आणि न विरघळणारा साका होतो, बादलीच्या कडेला दिसतो तोच. बाटलीत अर्धं पाणी घ्या, साबणाचा किस टाकून हलवा, फेसाऐवजी पाणी नुसतं गढूळ झालं तर दोष पाण्याचा. आरओचं कपभर पाणी घेऊन दाढी करा, तोच साबण कसा फेसाळतो बघा (नुसता यूव्ही फिल्टर असेल तर उपयोग नाही, त्याने क्षार जात नाहीत).

उंच फेसाचं तर सोडूनच द्या. केस मऊ होतो पाणी प्यायल्यावर, आणि फेसाचं काम ते पाणी दोन-तीन मिनिटं केसांशी धरून ठेवणं आणि पात्याला निसरडेपणा देणं. मोठमोठे बुडबुडे दिसले म्हणजे पाणी जास्त किंवा साबण कमी. आधी तोंड कोमट पाण्याने भिजवा, ब्रश भिजवून झटका, वडीवर अर्धा मिनिट तरी गोल फिरवा. सुरुवातीला घट्ट, कोरडा लेप येईल, घाबरू नका, आता थेंबथेंब पाणी घालत गालावर फिरवत राहा. एका क्षणी बुडबुडे दिसेनासे होतात आणि फेसाला फेटलेल्या दह्यासारखी तकाकी येते, तिथे थांबा. बहुतेक लोक हा लेप बघून एकदम पाणी ओततात, तिथेच बिघडतं.

राहिला अंगाचा साबण. तो मुख्यतः सोडियमचा असतो, फेस भसाभस येतो आणि लगेच विरतो. दाढीच्या साबणात स्टिअरिक ॲसिड भरपूर आणि सोडियमबरोबर पोटॅशियमही वापरतात, म्हणून फेस दाट होतो नि टिकतो. वेष्टनावर घटक छापलेले असतात, दोन्ही शेजारी ठेवून वाचा. आणि हा मेसेज ज्या ग्रुपवर आला असेल तिथे निदान लिंबाचा मुद्दा तरी टाका, तिथेही कुणाचे तरी काका असतील.