तुमच्या दोन स्टारना उत्तर, टोकियोतल्या निशी-कसाईच्या शिआत्सूवाल्यांकडून (शिआत्सू म्हणजे बोटांनी दाबून करायचा जपानी मसाज)

नमस्कार दादा. रिव्ह्यू वाचला. "निशी-कसाईत खरंच कसाई बसलेत" यावर आधी राग आला, मग हसू आलं, आणि नवऱ्याला त्यातला विनोद समजवता समजवता माझी दहा मिनिटं गेली, कारण तो जपानी, त्याच्यासाठी कसाई हे नुसतं गावाचं नाव.

आधी आमची चूक. तुम्ही रविवारी आईंना घेऊन आलात तेव्हा मी मुलाला स्विमिंगला सोडायला गेलेले. नवऱ्याचं मराठी म्हणजे "बस" आणि "जेवलास का", इंग्लिश त्याहून कमी. त्याने फॉर्म बघितला, आईंचा पाय बघितला आणि दोन्ही हातांची फुली करून "दामे" म्हणाला. इथे अशी फुली दुकानदार, स्टेशनवाले सगळेच करतात, म्हणजे साधं "नाही जमणार". पण आपल्याकडच्या वयस्कर बाईंना कोणी समोर उभं राहून फुली दाखवली तर हाकलल्यासारखंच वाटणार ना. वर काउंटरवरच्या मुलीने पहिल्या भेटीचे १,००० येन घेतले. हात लावला नाही तर पैसे कसले? पाकिटात घालून ठेवलेत, कधीही या.

परत पाठवलं ते मात्र बरोबरच केलं, तिथे मी मागे हटणार नाही. तुम्हीच लिहिलंय, "विमानात बसून आईचा एक पाय सुजला होता, पोटरी दुखत होती, तेवढीच तर दाबून द्यायची होती". दादा, तेवढीच तर दाबायची नसते. आठ-नऊ तास बसून दोन्ही पाय जरा जड होणं वेगळं, आणि एकच पाय सुजून पोटरी दुखणं वेगळं, त्यात शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि अंगठ्याने दाबून ती सुटली तर थेट फुप्फुसात जाते. असेलच असं नाही, पण ते डॉक्टरने मशीन लावून सांगायचं, आम्ही अंदाजाने नाही. नवऱ्याने हातात दिलेली जपानी चिठ्ठी म्हणजे बाहेरचा रस्ता नव्हता, त्यावर "आजच दाखवा" आणि #७११९ लिहिलंय, हॉस्पिटलला कधी-कुठे जायचं ते सांगणारा टोकियोचा फोन आहे तो. अजून दाखवलं नसेल तर हे वाचणं सोडा आणि आधी तो फोन करा. दम लागत असेल तर सरळ ११९.

आता तुमच्या स्वतःच्या सेशनचं. "तेल नाही, कपडे काढायचे नाहीत, गादीवर झोपवून नुसता अंगठा दाबतात, लहानपणी आम्ही आजीचे पाय चेपायचो त्यात आणि यात फरक काय, आणि याचे ६,५०० येन?" तुम्ही टोमणा मारलाय पण अर्धं खरं बोललात. शि म्हणजे बोट, आत्सू म्हणजे दाब, बास. ज्यांनी ही पद्धत नावारूपाला आणली ते नामिकोशी तोकुजिरो, जन्म १९०५ चा, लहानपणी घरचे होक्काइदोला, म्हणजे जपानच्या उत्तरेकडच्या बेटावर गेले आणि तिथे आईचे सांधे धरले, तेव्हा हा पोरगा आईचं अंग दाबून द्यायचा. सुरुवात तिथली! १९२५ मध्ये त्यांनी होक्काइदोतच दवाखाना काढला, १९४० मध्ये टोकियोत शाळा. मर्लिन मन्रो १९५४ मध्ये इथे आली होती तेव्हा तिलाही त्यांनीच दाबून दिलं होतं, हे नवरा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, तुम्हालाही सांगितलं असणार, कळलं नसेल एवढंच.

फरक कुठे आहे, तर आजीचे पाय आपण चुरतो, मळतो. इथे अंगठा घासत नाही. मानेवर सुती तेनुगुई (पातळ जपानी टॉवेल) टाकून अंगठा उभा ठेवायचा, तुम्ही श्वास सोडलात की हाताच्या जोराने नाही तर अंगाच्या भाराने हळूच झुकायचं, तीन ते पाच सेकंद थांबायचं आणि तितक्याच हळू उचलायचं. "इता-किमोची" म्हणजे दुखतंय पण बरं वाटतंय, तिथवरच. त्याच्या पुढे गेलं की दुसऱ्या दिवशी अंग ठणकतं, त्याला इथे "मोमिकाएशी" म्हणतात, आणि "अजून जोरात" म्हणणारे आपलेच लोक जास्त असतात, रागावू नका. हे सगळं शिकायला तीन वर्षं कॉलेज, शरीररचना, आजारांचा अभ्यास, मग राष्ट्रीय परीक्षा, तेव्हा लायसन्स. स्टेशनजवळ तुम्हाला ६० मिनिटं २,९८० मध्ये मिळालं तिथे बोर्डावर "रिलॅक्सेशन" लिहिलं असेल बघा, कारण त्याला हे लायसन्स लागत नाही. तिथे जाऊ नका असं नाही म्हणत, मी पण थकले की जाते (नवऱ्याला सांगू नका).

आणि हो, शिआत्सूने शुगर उतरते, स्लिप डिस्क बरी होते असलं काही आम्ही कोणाला सांगत नाही. त्यावरचे धड अभ्यास थोडेच आहेत. दिवसभर लॅपटॉपसमोर बसून आखडलेले खांदे सैल होतात, रात्री झोप बरी लागते, हे रोज गिऱ्हाइकं सांगतात तेवढंच. तुम्ही पण चाळीसाव्या मिनिटाला घोरत होतात.

इन्शुरन्सचं म्हणाल तर आखडलेल्या खांद्यांना तो लागत नाही. लकवा किंवा सांधे आवळलेले असतील आणि डॉक्टरांचं संमतिपत्र असेल तरच. हे मराठीत कुठेच लिहिलेलं नव्हतं, आता दारावर लावलंय, इंग्लिशमध्येही.

आईंचं काय झालं ते इथे नको, मेसेजवर कळवा. डॉक्टर हो म्हणाले तर घेऊन या, मंगळवारी दुपारी मी स्वतः असते, चहा पण आपला मिळेल. फक्त पोटभर जेवून लगेच येऊ नका, गेल्या वेळी तुम्ही थाळी खाऊन आला होतात आणि पालथं झोपवल्यावर काय झालं ते आपण दोघांनीच लक्षात ठेवू.