जीवामृताचा ड्रम उतू जातोय? झाकण आवळू नका

शेतकऱ्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: जीवामृताला (शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन पाण्यात आंबवून केलेलं, पिकाला द्यायचं द्रावण) फेस येऊन ड्रम उतू गेला तर ते नासलं समजा, झाकणाला क्लिप लावून घट्ट बंद करा, म्हणजे ताकद उडून जात नाही. हे चूक आहे आणि धोक्याचंही.

फेस म्हणजे नासणं नव्हे. जिवाणू आणि यीस्ट गुळावर तुटून पडतात, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. बेसनातल्या प्रथिनांमुळे बुडबुडे लवकर फुटत नाहीत, साचून वर चढतात. आपल्या विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, त्यात ड्रम धुऱ्यावर उन्हात ठेवला की हे सगळं झपाट्यानं होतं. अशा वेळी झाकण आवळलं की ड्रम फुगतो, आणि उघडायला गेलं की आतलं द्रावण थेट तोंडावर उडतं.

मूळ कृती पसरवणारे सुभाष पाळेकर आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे. त्यांनीही ड्रम सावलीत, गोणपाटानं झाकून ठेवायला सांगितलंय. घोळ बहुतेक वेळा मापात होतो. २०० लिटर पाणी, १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २-२ किलो गूळ आणि बेसन हे २०० लिटरच्या ड्रममध्ये मावतच नाही. पाणी १६० लिटरच घ्या, बाकी जिन्नस त्या हिशेबानं कमी करा. फेस चढला तर काठीनं सावकाश ढवळा, पोतं ओलं करून ड्रमभोवती गुंडाळा. वरून आणखी गूळ मात्र टाकू नका, उफाळा वाढतो. आणि वास घ्यायला ड्रममध्ये डोकं घालू नका. तिथे साचलेल्या वायूनं गरगरतं.